पूर्वतयारीचा दोष कोणाचा? – मुष्टियोद्धा आणि त्याचा प्रशिक्षक
(केंद्रसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मुष्टियुद्धाचा एखादा मोठा सामना संपतो, नावाजलेला मल्ल अनपेक्षितपणे खाली येतो, आणि त्याची तयारीच अपुरी होती हे सर्वांच्या ध्यानात येते. मग दुसऱ्या दिवशी एक वाद हटकून सुरू होतो. कोणी म्हणतो, प्रशिक्षकाने आपले काम केले नाही. कोणी म्हणतो, प्रशिक्षक काय करील? पळावयाचे मल्लाने, घाम गाळावयाचा मल्लाने, तोंड आवरावयाचे तेही मल्लानेच. शाळेचा निकाल लागल्यावर गावच्या पारावर जो वाद चालतो, त्याहून हा वाद फारसा निराळा नाही. म्हणूनच त्याचा विचार शिक्षकवर्गासमोर होणे अप्रस्तुत ठरू नये.

निवाडा करण्यापूर्वी तयारी म्हणजे काय, हे पाहिले पाहिजे. मोठ्या सामन्याआधी साधारणतः आठ ते दहा आठवडे मल्ल एका ठिकाणी राहून कसून मेहनत करतो. पहाटेचे धावणे, दोरीवरील उड्या, वाळूच्या पोत्यावर ठोसे, आणि जोडीदाराबरोबर सरावाच्या झुंजी असा त्याचा दिनक्रम असतो. प्रतिस्पर्धी उंच असेल तर जोडीदारही उंच निवडावा लागतो. तो डावखुरा असेल तर जोडीदारही डावखुरा लागतो. वजन ठरलेल्या मर्यादेत आणावयाचे, परंतु अंगातील बळ न घालविता. शेवटच्या आठवड्यात मेहनत कमी करून शरीर ताजे ठेवावयाचे. यांतील आखणी, निवड आणि देखरेख ही प्रशिक्षकाची कामे होत. अंमलबजावणी मात्र मल्लाच्या हाडामांसाने व्हावयाची असते. म्हणजे तयारीस तीन गोष्टी लागतात: काय करावे याचे ज्ञान, ते करवून घेण्याचा अधिकार, आणि ते करण्याची इच्छा. यांतील कोणती गोष्ट कोठे तुटली हे शोधले, की दोष कोणाचा हे बव्हंशी उलगडते.

पहिले उदाहरण लेनॉक्स लुईस या ब्रिटिश जगज्जेत्याचे. २००१ सालच्या एप्रिल महिन्यात दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गनजीक ब्रॅकपन येथे त्याची हासिम रहमान या अमेरिकन मल्लाशी हेवीवेट गटाची लढत ठरली होती. हे ठिकाण समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरहून अधिक उंचीवर आहे. तेथील हवा विरळ. श्वास लवकर फुलतो. अशा हवेची सवय होण्यास शरीराला काही आठवडे लागतात. रहमान सुमारे एक महिना आधी तेथे जाऊन राहिला. लुईस मात्र अमेरिकेत लास वेगास येथे मुक्कामास होता. तेथे एका चित्रपटात त्याने छोटी भूमिकाही केली, आणि सामन्याला दोन आठवडेही उरले नसता तो आफ्रिकेत पोहोचला. त्याचे वजन २५३ पौंडांवर गेले होते, म्हणजे तोपर्यंतच्या त्याच्या कारकिर्दीतील सर्वांत अधिक. पाचव्या फेरीत रहमानच्या उजव्या हाताच्या एकाच ठोशाने तो आडवा झाला.

लुईसचे प्रशिक्षक इमॅन्युएल स्टुअर्ड हे या विद्येतील अत्यंत जाणते गृहस्थ होते. तेव्हा येथे ज्ञानाची उणीव होती असे कोणीच म्हणणार नाही. उणीव होती ती इच्छेची. ज्या प्रतिस्पर्ध्याकडून कोणालाच फारशी अपेक्षा नव्हती, त्याच्यासाठी एवढा खटाटोप कशास, या बेफिकिरीने लुईसचा घात केला. आणि याचा पुरावा लुईसने स्वतःच दिला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये दोघे पुन्हा भिडले. प्रशिक्षक तेच, प्रतिस्पर्धी तोच; परंतु लुईसचे वजन सुमारे सात पौंडांनी उतरलेले, आणि तयारी कसून झालेली. चौथ्या फेरीतच रहमान चीत झाला. प्रशिक्षक न बदलता फळ बदलले, याचा अर्थ पहिल्या खेपेचा मुख्य दोष मल्लाकडे जातो.

अँडी रुईझ याचे उदाहरण याच जातीचे आहे. १ जून २०१९ रोजी न्यूयॉर्क येथे त्याने अँथनी जोशुआ या बलाढ्य जगज्जेत्याला हरवून सर्वांना थक्क केले. त्या वेळी त्याचे वजन २६८ पौंड होते. सहा महिन्यांनी, डिसेंबरात, सौदी अरेबियातील दिरिया येथे परतीची लढत झाली, तेव्हा ते २८३ पौंडांवर गेले होते. बारा फेऱ्यांत जोशुआ त्याच्या हाती लागलाच नाही. आपण मेजवान्यांत रमलो, हवी तशी मेहनत केली नाही, हे रुईझने सामन्यानंतर लगेच कबूल केले. त्या कबुलीत प्रामाणिकपणा होता यात शंका नाही. परंतु पुढे प्रशिक्षक बदलला गेला, तो मल्लाचा. मल्ल चुकला आणि घरी गेला प्रशिक्षक, असा या व्यवसायातील रिवाजच आहे.

या रिवाजाचे मूळ पैशात आहे. व्यावसायिक मुष्टियुद्धात प्रशिक्षक हा मल्लाच्या कमाईतून वाटा घेतो. दहा टक्के हा पूर्वापार चालत आलेला दर. म्हणजे नावापुरता गुरू, पण व्यवहारात नोकर. आपल्याकडच्या तालमीत वस्तादाने डोळे वटारले की पठ्ठ्याची मान खाली जाते. तेथे कीर्ती मिळवून बसलेल्या मल्लाला प्रशिक्षकाने कडक शब्द सुनावला, तर दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा मनुष्य उभा असू शकतो. ज्ञान असूनही अधिकार नसला म्हणजे काय होते, हे माइक टायसनच्या कहाणीवरून दिसते.

टायसन लहानपणी वाईट मार्गाला लागलेला मुलगा. कस डमाटो या वृद्ध प्रशिक्षकाने त्याला आपल्या घरी ठेवून घेतले, त्याच्या राहण्यावागण्याला वळण लावले. ४ नोव्हेंबर १९८५ रोजी डमाटो वारले. पुढच्याच वर्षी, २२ नोव्हेंबर १९८६ रोजी, टायसन विसाव्या वर्षी हेवीवेटमधील सर्वांत तरुण जगज्जेता झाला. त्या वेळी डमाटोंचेच शिष्य केव्हिन रूनी त्याची तयारी करून घेत. १९८८ साली टायसनने रूनींना दूर केले, आणि त्यानंतर जी माणसे त्याच्या भोवती राहिली, त्यांचा शब्द त्याच्यावर चालत नव्हता.

११ फेब्रुवारी १९९० रोजी टोकियो येथे त्याची गाठ बस्टर डग्लसशी पडली. त्याआधी सरावाच्या झुंजीत जोडीदाराने टायसनला सर्वांदेखत खाली पाडले होते. तोही इशारा कोणी मनावर घेतला नाही. सामना सुरू झाल्यावर टायसनचा डोळा सुजू लागला. सूज दाबण्यासाठी धातूचा एक थंडगार तुकडा प्रत्येक कोपऱ्यात ठेवलेला असतो. टायसनच्या माणसांनी तो आणलाच नव्हता! अखेर रबरी मोज्यात बर्फाचे पाणी भरून तो डोळ्यावर धरण्याची पाळी आली. डोळा मिटला तो मिटलाच, आणि दहाव्या फेरीत तो अजिंक्य समजला जाणारा मल्ल जमिनीवर हाताने चाचपडत आपला दंतरक्षक शोधताना जगाने पाहिला.

येथे दोष दोघांच्या पदरात पडतो. मेहनत टाळली ती मल्लाने. परंतु तो थंड तुकडा विसरणे हा मल्लाचा दोष नव्हे. ते सर्वस्वी कोपऱ्यातील माणसांचे काम. तरीही एक प्रश्न उरतोच. ती माणसे निवडली कोणी? स्वतःला टोचणारा गुरू दूर करून होयबा जवळ केले, की त्यांच्या चुकांचाही वाटा आपल्याकडेच येतो.

आणि गंमत अशी, की विजयी झालेला डग्लसही त्याच खड्ड्यात गेला. टोकियोच्या सामन्याआधी तीन आठवड्यांहून थोड्याच अधिक दिवसांपूर्वी त्याची आई वारली होती. ते दुःख उरात धरून तो २३१ पौंडांच्या कसलेल्या शरीराने लढला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तो इव्हँडर होलिफील्डसमोर उभा राहिला तेव्हा २४६ पौंडांचा होता, आणि तिसऱ्या फेरीतच सारे आटोपले. मनुष्य तोच, पण पोटात भूक असताना जी तयारी होते, ती पोट भरल्यावर होत नाही.

कधी कधी दोष या दोघांपैकी कोणाचाच नसून तिसऱ्याचा असतो. पनामाचा रॉबेर्तो दुरान याने २० जून १९८० रोजी मॉन्ट्रिअल येथे शुगर रे लिओनार्डवर पंधरा फेऱ्यांत मात केली. विजयानंतर तो खाण्यापिण्यात आणि समारंभांत गुंतला. वजन बेसुमार वाढले. लिओनार्डच्या पक्षाने हे हेरले व परतीचा सामना लवकरात लवकर घ्यावा असा आग्रह धरला. दुरानच्या व्यवस्थापकाने ते मान्य केले, कारण रक्कम मोठी होती. पाचच महिन्यांनी, २५ नोव्हेंबर १९८० रोजी, न्यू ऑर्लीन्स येथे सामना झाला. रे आर्सेल आणि फ्रेडी ब्राउन हे दोन पिकल्या केसांचे, मुरलेले प्रशिक्षक दुरानच्या बाजूस होते. परंतु वाढलेले वजन १४७ पौंडांच्या मर्यादेत घाईघाईने उतरविण्यातच तयारीचे दिवस खर्ची पडले. आठव्या फेरीत दुरानने पाठ फिरवून सामना सोडला. तारीख ठरविणारा प्रशिक्षक नव्हता. मुदतच अपुरी दिली असता उत्तम शिक्षकही किती पुरा पडणार? अर्थात त्या मुदतीआधीचे उनाड दिवस मल्लाचेच होते, हेही विसरून चालणार नाही.

मग प्रशिक्षकाला नेहमीच निर्दोष म्हणावे काय? मुळीच नाही. त्याच्या हाती एक अधिकार सदैव असतो: ‘नाही’ म्हणण्याचा. मल्ल तयार नसेल तर सामना पुढे ढकला, असे बजावण्याचा; ते न ऐकल्यास त्याच्या कोपऱ्यात उभे न राहण्याचा; आणि सामना चालू असताना तो थांबविण्याचा. १ ऑक्टोबर १९७५ रोजी मनिला येथे महंमद अली व जो फ्रेझियर यांच्या लढतीत चौदा फेऱ्या झाल्यावर फ्रेझियरचे डोळे सुजून त्याला समोरून येणारा ठोसा दिसेनासा झाला. एकच फेरी उरली होती. फ्रेझियर लढण्यास उत्सुक होता. परंतु प्रशिक्षक एडी फच यांनी त्याचा विरोध न जुमानता सामना सोडला. फ्रेझियरची तयारी मुळीच कमी नव्हती. तरीही शिष्याच्या जिवापुढे किताब क्षुल्लक, हे गुरूने ठरविले. तयारी असलेल्या मल्लाबाबत जर हे कर्तव्य, तर तयारी नसलेल्याला रिंगणात ढकलणाऱ्या प्रशिक्षकाला काय म्हणावे? मुष्टियुद्धात अपुऱ्या तयारीची किंमत गुणांत मोजली जात नाही. ती मेंदूवरील आघातांत मोजली जाते, आणि क्वचित प्राणांनी चुकवावी लागते. आपण गप्प राहिलो, एवढे म्हणून प्रशिक्षकाची सुटका होत नाही.

यावरून निवाड्याचे सूत्र असे दिसते. मल्ल जितका प्रौढ, स्वतंत्र आणि प्रशिक्षकाला नेमण्या-काढण्यास समर्थ, तितका तयारीचा भार त्याच्यावर अधिक. तो जितका लहान आणि परावलंबी, तितका तो भार प्रशिक्षकावर अधिक. लुईस पस्तिशीचा होता; त्याला काय करावे हे ठाऊक होते. परंतु बारा-तेरा वर्षांचा मुलगा वजनी गटात बसावा म्हणून पाणी तोडून स्पर्धेला येतो, तेव्हा त्या मुलाला दोष देणे हा शुद्ध अन्याय होय. त्याला तसे करण्यास सांगणारा, किंवा करताना पाहून डोळेझाक करणारा मोठा मनुष्यच तेथे गुन्हेगार. मुलाला शिक्षकाचा शब्द मोडता येत नाही. म्हणून त्या शब्दाचे परिणामही शिक्षकाचेच.

गावच्या शाळेतील विद्यार्थ्याने आपला शिक्षक निवडलेला नसतो. तो त्याला काढून टाकू शकत नाही. शिष्यवृत्तीच्या परीक्षेस किंवा तालुक्याच्या क्रीडासामन्यांस मूल कच्च्या तयारीने गेले, तर ‘मुलगाच आळशी’ हे वाक्य उच्चारण्यापूर्वी तीन प्रश्न विचारलेले बरे. काय करावयाचे हे त्याला नीट सांगितले होते काय? ते त्याच्याकडून दररोज करवून घेतले होते काय? आणि त्यासाठी त्याला पुरेसे दिवस, पोटभर अन्न व घरच्या कामातून सवड मिळाली होती काय? यांपैकी तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर अनेकदा शिक्षकाच्याही हाती नसते. तेथे पालकांच्या घरी एक फेरी मारणे हीच तयारीची सुरुवात ठरते.

परंतु भार सदैव शिक्षकानेच वाहावा, असाही याचा अर्थ नाही. डमाटो गेले आणि काही वर्षांत टायसनची शिस्तही गेली. धाक बाहेरचा होता, तो आत उतरला नव्हता. पहिलीच्या मुलाची पाटी शिक्षक तपासतो. सातवीच्या मुलाने आपली वही आपणच तपासावी, इतका भार मधल्या वर्षांत थोडा थोडा त्याच्या खांद्यावर सरकविला पाहिजे. शिक्षक वर्गात नसतानाही मूल पहाटे उठून धावते, पाढे म्हणते, चुकलेले गणित पुन्हा मांडते, तेव्हा तयारी पुरी झाली असे समजावे. तोवर दोष कोणाचा हा प्रश्न आला, तर मोठ्याने प्रथम आपल्याकडे पाहावे, हेच न्यायाचे आणि शिक्षकाच्या पदाला शोभणारे होय.