डोक्यावरचे यंत्र आणि माझा राग
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा बोलण्यात चुकले तर सांभाळून घ्यावे. विषय मात्र माझ्या घरातलाच आहे.

दोन वर्षांपूर्वी माझी चिडचिड फार वाढली. दूध उतू गेले तरी अंगाचा भडका उडे. एकदा भाकरी करता करता धाकटीला उलथने फेकून मारले. कपाळाला खोक पडली. "हिला येरवड्याला पोचवा," जाऊबाई म्हणाल्या. हडपसरहून येरवडा काही लांब नाही. तिथे वेड्यांचे इस्पितळ आहे तसा तुरुंगही आहे. त्यांच्या मनात कोणते होते कोण जाणे! मी उलट बोलले नाही. माझी मलाच भीती वाटू लागली होती.

पुढे भाचा म्हणाला, "मामी, आता डोक्यावर नुसते यंत्र धरून मेंदूवर उपचार करतात." मला वाटले, शॉकच! डॉक्टरीणबाईंनी समजावले. शॉकचा उपचार १९३८ साली रोमला सुरू झाला. त्यात झटका आणतात, आणि २०१७ च्या कायद्याने तोही भूल दिल्यावाचून देता येत नाही. हे यंत्र निराळे. १९८५ साली इंग्लंडात शेफील्डला बार्कर यांनी ते करून दाखवले. तारेचे वेटोळे डोक्याला टेकवून त्यात क्षणभर वीज सोडतात. लोहचुंबकाची शक्ती कवटीतून आत जाते आणि तेवढ्याच जागेच्या पेशी चाळवतात. चिरफाड नाही, भूल नाही. खुर्चीत बसून टकटक ऐकायची. आठवड्याचे पाच दिवस, असे चार-सहा आठवडे. फिट येणाऱ्यांनी किंवा डोक्यात धातू बसवलेल्यांनी मात्र आधी सांगायलाच हवे.

"मग माझ्या रागावर लावा की ते!"

त्या हसल्या. उदासीनतेच्या आजारासाठी अमेरिकेत २००८ साली त्याला मान्यता मिळाली. नुसत्या चिडचिडीवर अजून अभ्यासच चालला आहे. म्हणाल्या, "आधी रक्त तपासू. आणि झोप किती होते?"

झोप! सासूबाई अंथरुणाला खिळल्यापासून रात्री तीनदा उठणे माझ्याच वाट्याला. हे मला कोणी विचारलेच नव्हते. रक्तही कमी निघाले. गोळ्या सुरू झाल्या, आणि आता एक रात्र हे उठतात, एक रात्र मी. राग अजून येतो, पण हातातली वस्तू हातातच राहते.

दवाखान्याचा संकोच वाटेल त्यांनी १४४१६ हा सरकारी फुकट फोन लावावा, मराठीत बोलता येते.

धाकटीची वेणी घालताना माझा हात कपाळाशी गेला की ती डोळे मिटून घ्यायची. परवा मिटले नाहीत.