दवाखान्यातली चार माणसं
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी प्रत्येकाला आपल्या कामाविषयी थोडं बोलायला सांगितलंय. आपल्या बॅचमध्ये माणसांचे डॉक्टर तिघं आहेत आणि सकाळपासून त्यांच्याभोवती गुडघेदुखीवाले आणि साखरेचे रिपोर्टवाले जमलेत. माझ्याकडे एकच जण आला, तोही घरच्या कुत्र्याची खरूज विचारायला. त्यामुळे मला बोलायला भरपूर उसंत आहे.

मी बुलढाणा जिल्ह्यातल्या एका गावच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात आहे. पाटीवर माझं पद 'पशुधन विकास अधिकारी' असं लिहिलंय, गावात मात्र 'ढोराच्या मॅडम' म्हणतात. दोन खोल्या, बाहेर कडुनिंबाखाली लोखंडी खोडा, लसींचा फ्रीज आणि रेतनाच्या कांड्या ठेवायचं नायट्रोजनचं भांडं. त्या भांड्यात उणे 196 अंश तापमान असतं. बाहेर मे महिन्यातलं बेचाळीस-त्रेचाळीस. माणसं चार. मी, आमचा व्रणोपचारक, शेजारच्या श्रेणी-2 दवाखान्याचा पर्यवेक्षक, जो निम्मा आठवडा आमच्याकडेच असतो, आणि परिचर, म्हणजे मामा. मला आज खरं तर मामांविषयीच बोलायचंय. ते येत्या मे महिन्यात निवृत्त होतायत.

रात्री अकराला फोन येतो, "मॅडम, गाय उठूनच नाही राहिली." कालच व्यालेली, दूध चांगलं देणारी गाय. आम्ही पोचतो तेव्हा ती मान कुशीवर वळवून बसलेली असते, कान हाताला गार लागतात. याला दुग्धज्वर म्हणतात. नावात ज्वर असला तरी ताप नसतो, उलट अंग थंड पडतं. व्याल्यावर सगळं कॅल्शियम एकदम दुधात उतरतं आणि रक्तातलं कमी पडतं. शिरेतून कॅल्शियम दिलं तर बरीच जनावरं तासाभरात उभी राहतात, पण तेच घाईनं दिलं तर हृदय बंद पडतं. म्हणून माझा कान गाईच्या छातीशी आणि साडेचारशे मिलीची बाटली मामांच्या हातात. बाटली त्यांनी आधीच गरम पाण्यात ठेवून कोमट केलेली असते. ठोके चुकायला लागले की मी नुसतं बोट वर करते, मामा बाटली खाली घेतात. दोघांत एक शब्द होत नाही. थोड्या वेळानं गाय थरथरते, शेण टाकते, ढेकर देते. शेण पडलं की घरची बाई चहा ठेवायला आत जाते. तिलाही कळलेलं असतं.

बाई, तुम्ही जीवशास्त्र शिकवताना हृदयाचे चार कप्पे फळ्यावर रंगीत खडूनं काढायचात. गाईचंही तसंच असतं, फक्त ऐकायला खाली बसावं लागतं.

औषध मी देते, पण जनावर धरतो कोण? खवळलेला बैल दोरानं पाडायचा म्हणजे दोराचा एक फास मानेत, एक वेढा पुढच्या पायांमागे, एक मागच्या पायांपुढे, आणि मग मागून सरळ ओढ. बैल आपसूक बसतो. मामा हे करताना बैलाशी बोलत असतात, शेतकऱ्याशी नाही. शेतकऱ्याला फक्त एवढंच सांगतात, "तू जरा लांब हो, तुझ्या भीतीनं तो भितोय."

2022 साल तुमच्यातल्या शेतीवाल्यांना आठवत असेल. ऑगस्टमध्ये शेजारच्या जळगाव जिल्ह्यात लम्पीची जनावरं सापडली आणि बघता बघता रोग आमच्याकडे आला. अंगभर गाठी, ताप, पायांना सूज, खाणं बंद. माश्या, डास, गोचीड तो पसरवतात. त्या वर्षी आमच्या गावानं पोळा मिरवला नाही, बैलांची पूजा ज्याच्या त्याच्या दारात झाली. शेळ्यांच्या देवीची लस गाई-बैलांना टोचायची होती, एक-एक मिली, कातडीखाली, आणि प्रत्येक जनावराला नवी सुई. पहाटे पाचला निघायचं, कारण सात वाजता जनावरं रानात जातात. व्रणोपचारकानं गाठी फुटलेल्या जखमांतल्या अळ्या काढल्या, पर्यवेक्षकानं कानातल्या बिल्ल्यांचे बारा-बारा आकडे उतरवले आणि मामांनी वस्तीवस्तीवर कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करायला लावला. बसलेल्या जनावराची कूस दर दोन-तीन तासांनी बदला, हे ते इतक्यांदा सांगत की पोरं त्यांची नक्कल करायची.

तरीही जनावरं गेली. वासरं जास्त. सरकारनं दुधाळ गाईला 30,000, बैलाला 25,000 आणि वासराला 16,000 रुपये मदत ठरवली होती. चांगल्या बैलजोडीचा भाव तुम्हाला ठाऊक आहे, पण पेरणीच्या तोंडावर बैल गेलेल्या माणसाला तेवढेही मोलाचे होते. त्यासाठी पंचनामा लागतो. एका विधवा ताईंची एकुलती गाय गेली, तेव्हा कागद पुरा होईपर्यंत मामा खड्ड्याशी उभे राहिले. खोल खड्डा, वर चुना. घरी गेल्यावर जेवले नाहीत, असं मामींनी मला नंतर सांगितलं.

आणखी एक गोष्ट. ही मात्र नीट ऐका, कारण तुमच्यातल्या निम्म्यांच्या घरी अजून गोठा आहे. जनावर चारा गिळत नाही, लाळ गळते, विचित्र आवाजात हंबरतं. घरच्यांना वाटतं, घशात काहीतरी अडकलंय, आणि कुणीतरी तोंडात हात घालतो. ती पिसाळी असू शकते. महिना-दोन महिन्यांपूर्वी कुत्रं चावलेलं असतं आणि कुणाच्या लक्षातही नसतं. आमच्याकडे एका वस्तीवर असंच एक पोरगं बाही सारून पुढे झालं होतं. मामांनी त्याचं मनगट धरलं, गोठ्यात कुत्रं आलं होतं का विचारलं, आणि घरातल्या आधीच लाळ लागलेल्या तिघांना त्याच संध्याकाळी लस घ्यायला पाठवलं. गाय तिसऱ्या दिवशी गेली. माणसं सगळी ठणठणीत आहेत. तेव्हा हात घालू नका. लाळ लागलीच तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि थेट माणसांच्या सरकारी दवाखान्यात जा. या रोगाची लक्षणं माणसात एकदा दिसली की उपाय जवळजवळ उरत नाही.

मामांच्या जागी माणूस कधी येईल, ते आज कुणी सांगू शकत नाही. मे महिन्यानंतर बाटली कोण धरणार, हा माझा रोजचा प्रश्न आहे. पर्यवेक्षक नवा आणि हुशार आहे. गेल्या महिन्यापासून मामा त्याला दोराच्या गाठी शिकवतायत, आधी खांबाला बांधून, मग आमच्या एका गरीब बैलावर. दोन वेळा बैल नुसताच उभा राहिला आणि मागं वळून दोघांकडे बघत बसला. तिसऱ्यांदा बसला. मामा म्हणाले, "आता खवळलेल्यावर बघू."

याच पर्यवेक्षकाचे मघापासून दोन मिस्ड कॉल आलेत. तेव्हा मला जेवण लवकर वाढा. गाण्याच्या भेंड्यांना या खेपेला मी नाही.