धो धो पाऊस आणि 'हेवीली'

गंगापूर धरणातून पाणी सोडलं की नाशिककरांची पावलं रामकुंडाकडे वळतात. गोदावरी किती चढली हे विचारलं, तर कुणी फुटांत सांगत नाही. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं की छातीला, तेवढं पुरतं. आणि पाऊस? तो सगळ्यांच्या तोंडी 'धो धो'च कोसळलेला असतो.

मूल ढसाढसा रडतं, माणूस गाढ झोपतो, विरोध कडाडून होतो. 'कडाडून झोपला' असं पाच वर्षांचं पोरही म्हणत नाही. या जोड्या त्याला कुणी शिकवलेल्या नसतात, त्या कानात मुरलेल्या असतात.

इंग्रजीतही क्रियाविशेषण आपलं क्रियापद निवडून घेतं. तिथे पाऊस 'हेवीली' पडतो, 'स्ट्राँगली' नाही. विरोध मात्र 'स्ट्राँगली' होतो. साफ नाकारणं म्हणजे 'फ्लॅटली रिफ्यूज', लख्ख आठवणं म्हणजे 'विव्हिडली रिमेंबर'. घोटाळा होतो तो 'बॅडली नीड'पाशी. 'बॅडली' म्हणजे 'वाईट रीतीने' एवढंच पाठ केलेला विद्यार्थी 'वी बॅडली नीड रेन' या वाक्यावर अडतो. वास्तविक जून कोरडा गेला की येवल्याचा शेतकरी हेच तर म्हणत असतो: पाऊस हवाच!

शब्दांच्या अशा सोबतीला 'कोलोकेशन' म्हणतात. ही संज्ञा भाषाशास्त्रात रुजवणारे जे. आर. फर्थ १९१९ ते १९२८ या काळात लाहोरला इंग्रजीचे प्राध्यापक होते. पण त्याच्या कितीतरी आधी हीच अडचण उलट्या बाजूने एका इंग्रजाला जाणवली होती. जेम्स मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, सुधारलेली आवृत्ती १८५७ साली. त्यात कित्येक नामांपाशी नुसता अर्थ नाही. ते नाम 'कर', 'दे', 'मार' यांपैकी कोणत्या क्रियापदाबरोबर चालतं, तेही नोंदवलेलं आहे. परक्या माणसाला नेमकं हेच कळत नाही, हे मोल्सवर्थनी ओळखलं होतं.

महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. तरी मुलांच्या वह्यांत अजून सुटे शब्द आणि त्यांचे सुटे अर्थच भरलेले दिसतात. त्याऐवजी पानाच्या डाव्या बाजूला घरातली जोडी लिहावी, उजवीकडे इंग्रजीतली, तीही पूर्ण वाक्यात. 'बाळ गाढ झोपलंय' याच्यासमोर 'द बेबी इज स्लीपिंग साउंडली'. आणि 'काल रात्री धो धो पाऊस पडला' याच्यासमोर 'इट रेन्ड हेवीली लास्ट नाइट'.