पाकोळी : देह लहान, वीणही लहान



शाळेच्या कौलांखाली, चावडीच्या भिंतीतील फटीत किंवा देवळाच्या तुळईमागे दिवसभर दडून बसणारे आणि दिवेलागणीला अंगणावरून गिरक्या घेणारे इवलेसे वटवाघूळ सर्वांच्या परिचयाचे आहे. ग्रामीण भागात लहान वटवाघळास पाकोळी म्हणतात. हेच नाव एका पक्ष्यासही असल्याने घोटाळा होतो. परंतु ही पाकोळी पक्षी नव्हे. ती अंडी घालीत नाही. पिलांना जन्म देते व दूध पाजते. घरांच्या आसऱ्याने राहणाऱ्या अशा पाकोळ्यांपैकी सर्वांत लहान जातीचे शास्त्रीय नाव पिपिस्ट्रेलस टेन्युइस. जुन्या लेखनात ती पिपिस्ट्रेलस मायमस या नावाने आढळते.

नाण्याएवढे वजन

भारतातील सर्वांत लहान वटवाघळांत तिची गणना होते. डोके व धड मिळून लांबी सुमारे चार सेंटीमीटर, अग्रबाहू अडीच ते तीन सेंटीमीटर आणि वजन अवघे दोन ते चार ग्रॅम, म्हणजे साधारणतः एक रुपयाच्या नाण्याएवढे. लहान देहातील उष्णता लवकर निघून जाते. उडण्यासाठीही पुष्कळ शक्ती खर्च होते. त्यामुळे तिला रोज भरपूर आहार लागतो. मनुष्याच्या कानाला ऐकू न येणारा सूक्ष्म आवाज काढून, त्याच्या प्रतिध्वनीच्या आधारे ती अंधारात डास, पतंग व भुंगेरे यांसारखे बारीक कीटक टिपते. धान्य, फळे वा कापड यांना ती उपद्रव देत नाही.

एका वेळी दोनच पिल्ले

आकारावरून पाहिल्यास पाकोळी उंदराच्या जवळची वाटते. वीण मात्र अगदी निराळी आहे. घरातील उंदरीण सुमारे तीन आठवड्यांत विते, एका वेळी पाच-सहा किंवा अधिक पिल्ले देते आणि वर्षातून अनेकदा विते. पाकोळीला एका वेळी बहुधा दोनच पिल्ले होतात. वर्षातून एकाहून अधिक वेळा ती वीत असली, तरी उंदराची बरोबरी होणे नाही.

याचे कारण उड्डाणात आहे. गर्भाचा भार वाहतच मादीला भक्ष्यामागे धावावे लागते. त्यातून वटवाघळाची पिल्ले जन्मतःच मोठी असतात. पाकोळीच्या कुळात एका पिलाचे वजन आईच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास भरते. पिल्ले उघडी व मिटल्या डोळ्यांची जन्मतात. पंख जवळजवळ पूर्ण वाढल्याखेरीज त्यांना उडता येत नाही, आणि तोवर त्यांची सारी भिस्त आईच्या दुधावर असते. आई शिकारीस गेली म्हणजे ती फटीतच राहतात. परतल्यावर आवाज व वास यांवरून ती आपले पिलू ओळखते.

याच गटातील पिपिस्ट्रेलस सिलोनिकस या काहीशा मोठ्या जातीत आणखी एक नवल आढळते. मीलनानंतर नराचे शुक्रजंतू मादीच्या शरीरात काही काळ जिवंत राहतात व गर्भधारणा मागाहून होते. गोपालकृष्ण व माधवन या भारतीय प्राणिशास्त्रज्ञांनी १९७१ साली याविषयीचे संशोधन प्रसिद्ध केले.

दीर्घायुष्याचा आधार

वीण इतकी थोडी असूनही वटवाघळे टिकून राहिली, ती दीर्घायुष्याच्या बळावर. उंदराचे आयुष्य फार तर दोन-तीन वर्षांचे. युरोपातील पाकोळीच्या जातीतील काही प्राणी मात्र पंधरा वर्षांहून अधिक जगल्याचे आढळले आहे. सायबेरियात १९६४ साली खूण करून सोडलेले दुसऱ्या एका जातीचे, सुमारे सात ग्रॅम वजनाचे वटवाघूळ तब्बल ४१ वर्षांनी जिवंत सापडले. अर्थात हे उच्चांक होत. बहुतेक पाकोळ्या त्यापूर्वीच मरतात. तथापि बोध स्पष्ट आहे. वितीतून वाचलेली मादी पुढे अनेकदा विते. ती मेली तर ती हानी उंदरांप्रमाणे चार महिन्यांत भरून निघत नाही.

दुरुस्तीपूर्वी एक संध्याकाळ

म्हणूनच सार्वजनिक इमारतींची देखभाल ज्यांच्याकडे आहे, त्यांच्यावर विशेष जबाबदारी येते. कौले उतरवताना किंवा फटी सिमेंटने बुजवताना सबंध वसाहत आत कोंडून मरू शकते. वर्षातून अनेकदा वीण होत असल्याने अमुक महिना निर्धोक असे धरून चालता येत नाही. यास्तव कामापूर्वी एक संध्याकाळ निरीक्षण करावे. मोठ्या पाकोळ्या बाहेर पडल्यावर विजेरीने फटीत पाहावे. पिल्ले असल्यास ती उडू लागेपर्यंत, म्हणजे महिना-दीड महिना, तेवढा भाग सोडून काम करावे. पिल्ले नसल्यास सर्व पाकोळ्या बाहेर गेल्याची खात्री करून मगच फट बुजवावी.

आरोग्याची काळजीही तितकीच आवश्यक आहे. महाबळेश्वर परिसरातील गुहेतल्या वटवाघळांत निपाह विषाणूच्या संभाव्य संसर्गाच्या खुणा आढळल्याचे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने २०२१ साली प्रसिद्ध केले. तेव्हा कोणतेही वटवाघूळ उघड्या हाताने धरू नये, मुलांनाही धरू देऊ नये. चावा बसल्यास जखम साबण-पाण्याने धुऊन त्वरित दवाखाना गाठावा. विष्ठा झाडण्यापूर्वी ती ओली करावी आणि नाकातोंडावर फडके बांधावे. यासाठी पाकोळ्या मारण्याची मात्र गरज नाही. त्यांच्यापासून अंतर राखले की माणसाचेही रक्षण होते आणि त्यांचेही.