जामीनदार लोकल आहे का?



पदवीदानाला वकिलाला बोलवायचं म्हणजे संयोजकांनी धोका पत्करलाय. आम्हाला वेळेत थांबायची सवय नसते. तुमच्या अंगावर काळे झगे, बाहेर भिवंडीची हवा, तेव्हा लांबण न लावता विषयावर येतो. मी तुरुंगाबद्दल बोलणार आहे. आजच्या दिवशी हा विषय कशाला, असं काही पालकांच्या चेहऱ्यावर मला आत्ताच दिसतंय. पण या गावातल्या पोरांशी या विषयावर कुणी सरळ बोलत नाही, म्हणून बोलतो.

भिवंडीच्या कोर्टाने कोठडी दिली की माणूस ठाण्याला जातो, नाहीतर कल्याणच्या आधारवाडीला. ठाण्याचं कारागृह म्हणजे मूळचा किल्ला. पोर्तुगीजांनी १७३० साली बांधायला घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला, १७७४ मध्ये इंग्रजांच्या हाती गेला आणि १८३३ पासून तिथे तुरुंग आहे. त्याच्याही आधी, १८१६ साली, पेशव्यांचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे याच किल्ल्यातून इंग्रजांच्या हातावर तुरी देऊन निसटला. गोष्ट अशी सांगतात, की बाहेर घोड्याला खरारा करणारा एक मोतद्दार गाणी म्हणायचा आणि त्या गाण्यांतूनच निरोप द्यायचा. गोऱ्या पहारेकऱ्यांना मराठी कुठलं कळायला! त्रिंबकजी शूर होता का, हा वाद इतिहासकारांनी घालावा. मला त्यातली एकच बाब महत्त्वाची वाटते: त्याचा एक माणूस बाहेर होता.

आजही ठाण्यातून कोण सुटतो आणि कोण कुजतो, हे बरंचसं त्यावरच ठरतं.

या कारागृहाची अधिकृत क्षमता अकराशेच्या आसपास आहे. गेल्या काही वर्षांत आतली संख्या चार हजारांच्या वर गेलेली आहे. आधारवाडीत जागा ५४० जणांची, आणि माणसं दोन हजारांच्या घरात. बराकीत रात्री कूस बदलायची तर शेजाऱ्याला सांगून बदलावी लागते. आणि ही गर्दी शिक्षा झालेल्यांची नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशात ५ लाख ७३ हजार कैदी होते, त्यांतले ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी. म्हणजे चारांतले तीन. महाराष्ट्रात हे प्रमाण पाचांतल्या चारांपर्यंत जातं. खटला चालू आहे, किंवा चालूही झालेला नाही, गुन्हा शाबीत नाही, आणि माणूस आत आहे.

लोकांना वाटतं, जामीन मिळाला नसेल म्हणून आत असेल. तसं असतं तर एक वेळ समजून घेतलं असतं. विधी सेवा समितीमार्फत माझ्याकडे एक प्रकरण आलं होतं, ते ओळख पटणार नाही अशा बेताने सांगतो. एकवीस-बावीस वर्षांचा पोरगा, पॉवरलूमवर कामाला, गाव आझमगढकडचं. आरोप मोबाईल चोरल्याचा. जामीन लगेच मंजूर झाला. पंधरा हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक स्थानिक जामीनदार. आदेश वाचून मला हायसं वाटलं. पोराने मात्र मला विचारलं, ‘साब, जामीनदार कहाँ से लाऊँ?’

जामीनदार म्हणजे काय लागतं, ते ऐका. रेशनकार्ड, आधार, घरपट्टीची पावती किंवा सातबारा, नोकरदार असेल तर पगाराची स्लिप, आणि कोर्ट कडक असेल तर तहसीलदाराकडचा ऐपतीचा दाखला. या पोराकडे काय होतं? तो कारखान्याच्या माळ्यावर झोपायचा. पाळी बदलली की त्याच गादीवर दुसरा. भाडेकरार नाही, आधारवर गावचा पत्ता, पगार मुकादमाकडून रोख. ओळखीचे सगळे त्याच्यासारखेच, त्याच माळ्यावरचे. शेठला फोन केला, तर तो म्हणाला, ‘वकीलसाहेब, पोरगा चांगला आहे, पण कोर्टाच्या लफड्यात मला नका घेऊ.’ गावाकडून बापाने शेतीचे कागद घेऊन यायची तयारी दाखवली. पण कागद उत्तर प्रदेशातले, म्हणजे ‘लोकल’ नाहीत.

आता गंमत बघा. मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याच्या बाबतीत नेमका हाच प्रश्न १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. मोती राम त्याचं नाव. दंडाधिकाऱ्याने दहा हजारांचा जामीनदार मागितला, आणि त्याच्या भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून भावाला नाकारलं. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हे साफ चूक ठरवलं. जिल्ह्याबाहेरचा म्हणून जामीनदार नाकारता येत नाही, असं सांगितलं. तो निकाल आम्ही परीक्षेत लिहून पास झालो. कोर्टाच्या टेबलावर मात्र अजून पहिला प्रश्न तोच असतो: लोकल आहे का?

म्हणून मग कोर्टाच्या आवारात पैसे घेऊन उभे राहणारे जामीनदार असतात. एकच रेशनकार्ड चार कोर्टांत फिरतं. अशी टोळी पकडली की पेपरात फोटो येतो. गिऱ्हाईक कुठून येतं, हे बातमीत नसतं.

माझ्याकडे आलेला तो पोरगा पाच महिन्यांनी सुटला. त्याने गुन्हा कबूल केला. कबूल केलं की भोगलेली कोठडी शिक्षेत धरली जाते आणि माणूस त्याच दिवशी घरी जातो. आत सगळ्यांना हे माहीत असतं. जुने कैदी नव्याला पहिल्या आठवड्यातच शिकवतात. त्याने मोबाईल चोरला होता का? मला माहीत नाही. कुणीच तपासलं नाही. आता त्याच्या नावापुढे शिक्षा आहे, आणि पुढच्या वेळी परिसरात चोरी झाली की पोलिसांच्या वहीत पहिलं नाव त्याचं.

हे एका पोराचं झालं. पण एकेका पोराची गोष्ट कितीही हळहळ लावणारी असली, तरी तिच्यातून अन्यायाचा आकार दिसत नाही. त्यासाठी मोजावं लागतं. टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून मुंबई आणि परिसरातल्या तुरुंगांत आणि पोलीस ठाण्यांत काम करतोय. त्याच संस्थेतले विजय राघवन आणि रोशनी नायर यांनी महाराष्ट्रातल्या तुरुंगांतल्या मुस्लिम कैद्यांचा अभ्यास केला, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधी २००६ मध्ये सच्चर समितीने आकडा दिलाच होता: राज्याच्या लोकसंख्येत मुसलमान १०.६ टक्के, आणि तुरुंगात ३२.४ टक्के. दलित आणि आदिवासी यांचंही देशभरात लोकसंख्येच्या मानाने तुरुंगातलं प्रमाण जास्तच भरतं. पारधी आणि इतर भटक्या-विमुक्तांवर इंग्रजांनी १८७१ पासूनच्या कायद्याने गुन्हेगारीचा शिक्का मारला, तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण सराईत गुन्हेगारांच्या कायद्यातून शिक्का मागच्या दाराने परत आला. आत गेल्यावर जात संपते म्हणावं, तर तेही नाही. झाडू कुणी मारायचा आणि स्वयंपाक कुणी करायचा, हे काही राज्यांच्या कारागृह नियमावल्या जातीवर ठरवत होत्या. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांनी हे खणून काढलं, कोर्टात नेलं, आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने ते नियम रद्द केले.

अमेरिकेत काळ्या माणसाचं पोलिसांच्या हातून जे होतं ते आपण सिनेमात बघतो आणि च्‌च्‌ करतो. कुणाला किती पकडलं जातं, हे मोजायची पट्टी इथे लावली तर काय दिसेल, ते पाहायला भिवंडीकरांना लांब जायला नको. मे १९७० ची दंगल तुमच्या आजी-आजोबांना आठवत असेल. तिची चौकशी न्यायमूर्ती दिनशा मादन यांनी केली. भिवंडी शहरातल्या मृतांत ५९ मुसलमान आणि १७ हिंदू. आणि दखलपात्र गुन्ह्यांत अटक झालेल्यांत ९०१ मुसलमान आणि २१ हिंदू. हे दोन आकडे शेजारी ठेवून शांतपणे वाचा. दंगल कुणी सुरू केली, यावर आजही चहाच्या टपरीवर भांडण लागेल. मादन यांनी तपास करणाऱ्या विशेष पथकावर, त्याने पक्षपात केला आणि निरपराधांना गुंतवलं, असा ठपका ठेवला. तो अहवाल मराठी वाचकांच्या फारसा वाट्याला आला नाही, याचं मला वाईट वाटतं.

पण याच गावाने दुसरं टोकही पाहिलंय. १९८४ मध्ये पुन्हा दंगल झाली. त्यानंतर १९८८ च्या सुमारास सुरेश खोपडे इथे पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी मोहल्ला समित्या काढल्या. एका वस्तीतले हिंदू, मुसलमान, लूमवाला, मजूर, दुकानदार, आणि त्या वस्तीचा पोलीस, असे एकत्र बसायचे. विषय काय? नळावरचं भांडण, मुलीची छेड, भाडं, उधारी. ज्या गोष्टींची आधी एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रार, व्हायची, मग मारामारी, मग अटक, त्या समितीत मिटायला लागल्या. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई पेटली. भिवंडी शांत राहिली. खोपडे यांनी त्यावर पुस्तकच लिहिलं, ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ सामाजिक सलोख्याचा नमुना म्हणून या प्रयोगाचं कौतुक झालं, ते योग्यच. पण मी त्याकडे तुरुंगाच्या बाजूने बघतो. जी भांडणं ठाण्याच्या किल्ल्यापर्यंत पोहोचली असती, ती मोहल्ल्यातच थांबली. शिवाय पोलिसाला वस्तीतली माणसं नावानिशी माहीत झाली. ओळखीच्या माणसाला उगाच उचलणं अवघड जातं.

ओळख मोजता येते, हा शोध मात्र न्यूयॉर्कचा. १९६१ साली तिथे ‘मॅनहॅटन बेल प्रोजेक्ट’ सुरू झाला. कायद्याचे विद्यार्थी कोठडीत जाऊन आरोपीला साधे प्रश्न विचारायचे. किती दिवस या शहरात राहतोस? कुणासोबत? काम कुठे? नातेवाईक कोण? उत्तरांची शहानिशा फोनवर करायची, आणि मुळं पक्की दिसली तर न्यायाधीशाला सांगायचं, याला पैशांशिवाय सोडा. सुटलेल्यांपैकी तारखेला गैरहजर राहिले शंभरातले एक-दोन. पुढे १९७९ मध्ये बिहारच्या तुरुंगांतल्या कच्च्या कैद्यांची हकीकत वर्तमानपत्रात लिहिली के. एफ. रुस्तमजी यांनी. हे आपले विदर्भातले, कामठीचे. सीमा सुरक्षा दलाचे पहिले प्रमुख. ते लेख घेऊन पुष्पा कपिला हिंगोरानी सर्वोच्च न्यायालयात गेल्या, तो हुसैनारा खातून खटला. निकालात न्यायमूर्ती भगवती यांनी याच न्यूयॉर्कच्या प्रयोगाचा दाखला दिलाय. म्हणजे तुमच्याच वयाच्या पोरांनी भरलेला प्रश्नांचा कागद दिल्लीच्या निकालपत्रात जाऊन बसला.

एक सावधगिरी इथे सांगायला हवी. अमेरिकेतल्याच न्यू जर्सी राज्याने २०१७ पासून पैशांचा जामीन जवळपास बंद केला. कोठडीतली माणसं खूप कमी झाली. पण जी उरली, त्यांत काळ्यांचा वाटा साधारण तेवढाच राहिला. गर्दी कमी करणं आणि भेदभाव कमी करणं ही दोन वेगळी कामं आहेत. एक केलं की दुसरं आपोआप होतं, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पकडताना जो भेद होतो, तो सोडताना धुतला जात नाही.

आपल्याकडचा कायदा वाईट नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे, पहिलाच गुन्हा असलेल्या माणसाने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला सोडायचं, आणि तसा अर्ज कारागृह अधीक्षकानेच करायचा. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे त्यातून वगळलेत. मात्र एकाच माणसावर एकाहून जास्त प्रकरणं असतील तरी ही सोय मिळत नाही, आणि ज्याचं नाव पोलिसांच्या वहीत पहिलं, त्याच्यावर प्रकरण एकच कसं असेल? २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की जामिनाचा आदेश झाल्यावर सात दिवसांत माणूस सुटला नाही तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवा. महिन्याभरात मुचलका भरला गेला नाही तर कोर्टाने स्वतःहून अट सैल करायचा विचार करावा. त्याच वर्षी केंद्राने गरीब कैद्यांसाठी योजना आणली, तेव्हा कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४० हजारांपर्यंत. कागदावर सगळं आहे. पण आझमगढच्या पोराचा अर्ज भरायचा कुणी, त्याचा पत्ता शोधायचा कुणी, शेठला दोनदा फोन करायचा कुणी?

इथे तुम्ही येता. तालुका विधी सेवा समितीकडे विधी स्वयंसेवक म्हणून नाव देता येतं. वकिलीची पदवी लागत नाही. तुमच्यात उर्दू, भोजपुरी, तेलुगू बोलणारे आहेत, आणि ही पात्रता माझ्यापेक्षा मोठी आहे. वाणिज्यवाल्यांनो, एक्सेल तुम्हाला येतं. आपल्या कोर्टातून एका वर्षात किती जणांना जामीन मिळूनही पंधरा दिवसांत सुटका झाली नाही, ते कुठल्या वस्तीतले, कुठल्या गावचे, हा तक्ता मांडा. आणि जे कुठेतरी एचआरमध्ये लागतील, त्यांनी ‘पोलीस व्हेरिफिकेशन’च्या कागदावर जुनी केस दिसली की फाईल बाजूला सारायच्या आधी निकाल काय लागला तेवढं वाचावं.

शेवटची माहिती, पूर्ण व्यवहाराची. तुमच्या हातात पगाराच्या स्लिपा यायला लागल्या की तुम्हीही जामीनदार म्हणून उभे राहू शकता. तीन महिन्यांच्या स्लिपा आणि आधार घेऊन गेलात तर सहसा चालतं. त्यासाठी ना जात लागते, ना नातं. मात्र आरोपीला ओळखत असाल तरच उभे राहा. तो तारखेला आला नाही तर मुचलक्याची रक्कम तुमच्याकडून वसूल होईल, आणि तेव्हा फी न घेता तुमची केस लढायला मी असेनच असं नाही.