नर्सिंगची पदवी : लवकरची वाट कोणती?



मी इंग्रजीचा प्राध्यापक. दवाखान्याशी माझा संबंध एक तर रोग्याचा, नाही तर रोग्याच्या नातेवाइकाचा. तरीही आज नर्सिंगच्या शिक्षणावर बोलायला बसलो आहे, त्याला कारण एक सही आहे. ती सही माझीच.

काही वर्षांपूर्वी चोपडा तालुक्यातील एक मुलगी माझ्याकडे आली. बारावी सायन्स झालेली, गुण बेताचे. हातात एक छापील पत्रक. 'एका वर्षात नर्स व्हा, नोकरीची हमी.' संस्थेला वर्तणुकीचा दाखला हवा होता. मी तो लिहिला, खाली सही केली आणि वर म्हणालो, "जा बाई, शिकून पायावर उभी राहा." संस्थेला मान्यता कोणाची, हे विचारायचे मला सुचले नाही. वडिलांची थोडीशी केळी, त्यावर उचल काढून त्यांनी फी भरली. वर्षाअखेर सोनेरी काठाचे प्रमाणपत्र मिळाले. पुढे सरकारी भरतीचा अर्ज भरताना तिला त्यात एक रकाना दिसला, 'परिचर्या परिषदेचा नोंदणी क्रमांक'. त्या रकान्यात लिहायला तिच्याजवळ काही नव्हते. आज ती एका खाजगी दवाखान्यात केसपेपर लिहिते. रस्त्यात भेटली की आदराने "नमस्कार सर" म्हणते. ती भांडली असती तर मला बरे वाटले असते.

म्हणून पहिली गोष्ट ही. नर्सिंगमध्ये प्रमाणपत्र किती देखणे आहे याला अर्थ नाही. त्याच्या आधारे महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नाव नोंदले जाते की नाही, एवढेच विचारा. ज्या अभ्यासक्रमांनी नोंदणी मिळते ते मोजके आहेत. ए.एन.एम. हा दोन वर्षांचा. गावच्या उपकेंद्रावरच्या आपल्या आरोग्यसेविका याच शिक्षणाच्या. जी.एन.एम. हा तीन वर्षांचा डिप्लोमा. आणि बी.एस्सी. नर्सिंग ही चार वर्षांची पदवी. पहिल्या दोहोंना बारावी कोणत्याही शाखेची चालते. पदवीला मात्र भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय लागतात. एका वर्षाची नर्स या यादीत कोठेच नाही. आणि हे शिक्षण केवळ मुलींचे, असेही कोणी समजू नये. वॉर्डात 'ब्रदर' म्हणून हाक मारतात ते याच शिक्षणातून गेलेले मुलगे असतात.

आता घाईची गोष्ट. घाई वाईट असते असे मी म्हणणार नाही. ज्या घरात धाकटी भावंडे शिकायची आहेत, त्या घराला चार वर्षे ही फार लांबची मजल वाटते. गेल्या वर्षी रसायनशास्त्रात बी.एस्सी. झालेली एक विद्यार्थिनी मला म्हणाली, "सर, मी तर ग्रॅज्युएट आहे. पुन्हा पहिल्यापासून चार वर्षं? माझा मावसभाऊ अमेरिकेत असतो. तो म्हणतो, तिकडे दीड वर्षात होतं."

मागचा अनुभव गाठीशी होता. या वेळी मी आधी चौकशी केली. मावसभाऊ खोटे बोलत नव्हता. अमेरिकेत दुसऱ्या विषयाची पदवी असलेल्यांसाठी नर्सिंगचे जलद अभ्यासक्रम आहेत, ते साधारण अकरा ते अठरा महिन्यांत पुरे होतात. पण तेथे कमी होते ते काय? शरीररचना, शरीरक्रिया, सूक्ष्मजीवशास्त्र, संख्याशास्त्र हे विषय विद्यार्थ्याने आधीच पुरे केलेले असावे लागतात. सुट्ट्या जवळजवळ नसतात. शिकता शिकता नोकरी करू नका, असे संस्थाच सांगतात. रोग्याच्या खाटेजवळचे तास मात्र नेहमीच्या विद्यार्थ्यांइतकेच भरावे लागतात. म्हणजे वाट आखूड झाली ती मागे चाललेले अंतर धरून. वॉर्ड कोणी आखूड केलेला नाही.

आपल्याकडे दुसऱ्या विषयाच्या पदवीधराला अशी सवलत नाही. आपली लवकरची पदवी एकच, पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग. ती दोन वर्षांची आहे, पण ती जी.एन.एम. होऊन नोंदणी झालेल्यांसाठी. हिशेब केलात तर तीन आणि दोन मिळून पाच वर्षे झाली, सरळ पदवीपेक्षा एक जास्तच. तरी काही घरांना हीच वाट सोयीची पडते. तीन वर्षांनी हाताला काम लागते, घरात चार पैसे येऊ लागतात, आणि पदवी मागाहून पदरात पाडून घेता येते. कला शाखेतून बारावी झालेल्या मुलीला तर पदवीकडे जायचा हाच दरवाजा. माझे मत विचाराल तर, सायन्सचे गुण आहेत आणि घर चार वर्षे दम धरू शकते, तिने सरळ पदवीच घ्यावी. ज्या घराची ओढाताण आहे, त्याने जी.एन.एम.ला कमी लेखू नये.

कॉलेज कसे निवडावे? कागद तर पाहाच. भारतीय परिचर्या परिषद, महाराष्ट्र परिचर्या परिषद आणि पदवी असेल तर नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ, या तिघांच्या याद्यांत कॉलेजचे नाव आहे का, ते संकेतस्थळावर घरबसल्या कळते. गावातल्या शिक्षकांना माझी विनंती आहे की, हे पाहून देण्याचे काम त्यांनी अंगावर घ्यावे. पाच मिनिटांचे काम आहे. मी ते केले नव्हते.

पण कागदाच्या पलीकडची एक परीक्षा मला एका निवृत्त मेट्रनबाईंनी सांगितली. त्या म्हणाल्या, "इमारत पाहू नका. आडवारी, सकाळी दहा वाजता, कॉलेजच्या हॉस्पिटलात जाऊन खाटा मोजा. आणि खाटेवर माणूस आहे का ते बघा." पदवीच्या कॉलेजला स्वतःचे निदान शंभर खाटांचे रुग्णालय असावे असा नियम आहे. खाटा रिकाम्या असतील तर मुलगी शिकणार कोणावर? आपल्या भागात धुळ्याचे भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जुने आहे, जळगावचे शासकीय महाविद्यालय २०१८ साली सुरू झाले. तेथील रुग्णालयात एक चक्कर मारून या, म्हणजे भरलेला वॉर्ड कसा असतो ते कळेल. मग दुसरीकडचा रिकामा वॉर्ड आपोआप ओळखू येईल.

पैशाचेही बोललेच पाहिजे. पदवीचा प्रवेश राज्याच्या सीईटी कक्षाच्या परीक्षेतून आणि केंद्रीभूत प्रवेश फेरीतून होतो. जुलै २०२४ मध्ये राज्य शासनाने निर्णय केला की, इतर मागासवर्ग, सामाजिक व शैक्षणिक मागासवर्ग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक यांतील, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. अट अशी की, प्रवेश या केंद्रीभूत फेरीतूनच झालेला हवा. कोणी मधला माणूस "थेट सीट देतो" म्हणाला आणि तुम्ही घेतलीत, की माफी गेली. खताच्या एका गोणीला आपण चार दुकाने फिरतो, आणि येथे लाखाचा व्यवहार बसस्टँडवर उभ्याउभ्या करतो.

आता प्रवेश मिळाला असे धरू. पुढे काय? पुढे धावपळ. २०२१ सालापासून ही पदवी सेमिस्टरची झाली. वीस आठवड्यांचे एक सेमिस्टर, आठवड्याला चाळीस तास, म्हणजे एका सेमिस्टरचे आठशे तास. अशी सात. आठव्यात बावीस आठवडे इंटर्नशिप, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास. पहिल्याच सहामाहीत शरीररचना, शरीरक्रिया, समाजशास्त्र, मानसशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंगची मूलतत्त्वे. आमच्या आर्ट्स-सायन्सच्या मुलांना गणपती, नवरात्र, दिवाळी करून जानेवारीत पुस्तक उघडायची सवय. येथे तेवढ्यात एक सेमिस्टर संपून जाते. हजेरी ऐंशी टक्के नसेल तर परीक्षेला बसता येत नाही, आणि प्रात्यक्षिकाचे तास तर पदवी हाती पडण्यापूर्वी शंभर टक्के भरावे लागतात. घरच्यांनी हे ध्यानात घ्यावे. चुलत्याच्या साखरपुड्याला, मावशीच्या बाळाच्या बारशाला मुलीला बोलावू नका. ती आली नाही तर राग धरू नका.

मुले अडखळतात ती मुख्यतः इंग्रजीपाशी. हा माझा प्रांत, म्हणून थोडे अधिकाराने सांगतो. मराठी शाळेतून आलेली मुलगी पुस्तकाचे पान पाठ करते आणि परीक्षेत एक शब्द निसटला की सगळी माळ ओघळते. त्यापेक्षा शब्द फोडायला शिकावे. 'कार्डिओ' म्हणजे हृदय, 'हिपॅटो' म्हणजे यकृत, 'नेफ्रो' म्हणजे मूत्रपिंड. शेवटी 'आयटिस' आले की दाह, 'एक्टॉमी' आले की कापून काढणे. असे पन्नास-साठ तुकडे बारावीनंतरच्या सुट्टीत वहीत उतरवले, तर पुस्तकातली निम्मी भीती जाते. विषय मराठीत समजून घ्यावा, रोज एक उत्तर इंग्रजीत लिहावे, आणि ते कोणाला तरी वाचून दाखवावे. चुका होतील. होऊ द्याव्यात.

दुसरी भीती गणिताची. पाचशे मिलिलिटर सलाईन चार तासांत द्यायचे आहे. नळीतून वीस थेंबांना एक मिलिलिटर पडते. तर मिनिटाला थेंब किती? मुली घाबरतात. अहो, केळीच्या शेतात तासाला चार लिटरचा ड्रिपर, एवढी खोडे, मोटार किती तास चालवायची, हा हिशेब याच मुली बापाला तोंडी करून देतात! पाचशे गुणिले वीस, म्हणजे दहा हजार थेंब. चार तासांची मिनिटे दोनशे चाळीस. भागाकार बेचाळीसच्या आसपास येतो. फरक इतकाच की, शेतात चूक झाली तर चार खोडे सुकतात. म्हणून येथे हिशेब दोनदा करावा आणि तिसऱ्यांदा शेजारणीकडून तपासून घ्यावा.

आणि एक भांडवल असे आहे की, ते पुस्तकात मिळत नाही. यावलच्या, शिरपूरच्या डोंगराकडून आलेली म्हातारी साहेबी भाषेपुढे गप्प बसते. तिला कोणी "काय व्हयनं, माय?" असे विचारले, की ती "पोटमा दुखस" पासून सगळे सांगू लागते. पावरी बोलणारी मुलगी वॉर्डात असेल तर डॉक्टरच तिला शोधत येतात. वर्गात आपली बोली लपवणाऱ्या मुलींनी ती वॉर्डात बिनदिक्कत काढावी.

एक जुना आकडा सांगतो. १९४६ साली भोर समितीने आपला अहवाल दिला, तेव्हा देशात नर्सेस होत्या सुमारे सात हजार. त्रेचाळीस हजार माणसांमागे एक. त्याच वर्षी दिल्ली आणि वेल्लोर येथे नर्सिंगची पदवी सुरू झाली. त्याआधी १९०९ साली रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन काढले आणि तेथील बायकांना ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला पाठवले, तेव्हा परक्याला हात लावायचे काम म्हणून लोक नावे ठेवत. नावे ठेवणारे अजूनही आहेत. "रात्रपाळी असते, मुलगी द्यायची कुठे?" असे मला एका पालकाने विचारले होते. त्यांच्याच आईला मध्यरात्री सिव्हिलमध्ये दाखल केले, तेव्हा रात्रपाळीची सिस्टर जागी होती म्हणून ती वाचली, ही आठवण मी त्यांना करून दिली. ते काही बोलले नाहीत. मात्र मुलीचा अर्ज त्यांनी भरला.

आणि ती रसायनशास्त्राची पदवीधर? तिने सीईटी दिली, केंद्रीभूत फेरीतून चार वर्षांच्या पदवीला प्रवेश घेतला. वर्गात ती सर्वांत मोठी. मुली तिला ताई म्हणतात. पहिल्या सेमिस्टरला शरीरक्रियाशास्त्रात तिचा विषय राहिला. रडत फोन आला होता. पुढच्या परीक्षेत तो निघाला. परवा तिचा पुन्हा फोन आला, घाईघाईतला. वॉर्डात पहिल्यांदा एकटीने सलाईनचे थेंब लावले होते. मी विचारले, "किती लावलेस?" ती म्हणाली, "सर, बेचाळीस. दोनदा मोजले."