जांजगीरच्या फंकबाई

टायटॅनिक आगबोट बुडाली ती १५ एप्रिल १९१२ च्या पहाटे. त्या अपघाताची हकीकत आपणांपैकीं बहुतेकांनीं केव्हां ना केव्हां वाचलेली आहे. बोटीवरील कोट्यधीश, तिचा कप्तान, अखेरपर्यंत वाद्यें वाजवीत राहिलेले वादक, हें सर्व पुन्हां सांगण्याचें कारण नाहीं. परंतु त्या बोटीच्या दुसऱ्या वर्गांत एक प्रवासी अशी होती, कीं जिचा प्रवास इंग्लंडांत सुरू झालाच नव्हता. छत्तीसगडांतील जांजगीर गांवाहून ती निघाली, आगगाडीनें आपल्या मुंबईस आली आणि येथल्याच बंदरांतून समुद्रावर गेली. त्या बाईंचें नांव ऍनी क्लेमर फंक. त्यांच्याविषयीं आज चार शब्द बोलावे असें योजिलें आहे.

फंकबाई मेनोनाइट पंथाच्या. हा पंथ आपल्याकडे फारसा परिचित नाहीं, म्हणून थोडें मागें जावें लागेल. सोळाव्या शतकांत नेदरलंड्सच्या फ्रीसलंड प्रांतांत मेनो सिमोन्स नांवाचा एक कॅथॉलिक धर्मोपदेशक होता. १५३६ त त्यानें आपली जागा सोडली व त्या काळीं चोहोंकडून छळल्या जाणाऱ्या एका मंडळीस तो जाऊन मिळाला. बाप्तिस्मा जाणत्या वयांत, स्वतःच्या निश्चयानें घ्यावयाचा, तान्ह्या मुलास द्यावयाचा नाहीं. शपथ वाहावयाची नाहीं. आणि हातीं शस्त्र धरावयाचें नाहीं, मग तें राजाज्ञेनें कां असेना! हीं त्या मंडळीचीं ठळक मतें. पहिलें मत धर्माधिकाऱ्यांस सोसवेना व शेवटचें राजांस. तेव्हां कित्येकांस जाळण्यांत आलें, कित्येकांस पाण्यांत बुडविण्यांत आलें, आणि उरलेले देशोधडीस लागले. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून त्यांतील कांहीं कुटुंबें समुद्र ओलांडून अमेरिकेंत पेनसिल्व्हेनियांत आलीं. तेथें जमीन चांगली होती आणि धर्माबद्दल कोणी विचारीत नव्हतें. शेतकऱ्यास आणखी काय पाहिजे?

अशाच एका शेतकरी वस्तींत, बॅली या खेडेगांवीं, १२ एप्रिल १८७४ रोजीं ऍनीचा जन्म झाला. वडील जेम्स फंक हे तेथील हेरफर्ड मेनोनाइट मंडळीचे डीकन, म्हणजे मंडळीचा कारभार व गोरगरिबांची विचारपूस पाहणारे गृहस्थ. आईचें नांव सुसॅना. गंमत अशी, कीं या मेनोनाइटांच्या गांवास पुढें जें नांव मिळालें, तें तेथें राहून गेलेल्या एका कॅथॉलिक पाद्र्याचें! ज्यांच्या पूर्वजांनीं एकमेकांचे हाल केले वा पाहिले, त्यांचीं नातवंडें तेथें शेजारीं शेजारीं नांगर धरीत होतीं.

अशा गांवीं मुलीनें लग्न करावें व शेजारच्या शेतावर नांदावयास जावें, हाच रिवाज. ऍनीनें तसें केलें नाहीं. वेस्ट चेस्टरच्या शिक्षक-शाळेंत व नंतर मॅसॅच्युसेट्समधील नॉर्थफील्ड येथें तिनें शिक्षण घेतलें. पुढें टेनेसींतील चॅटानूगा शहरीं कृष्णवर्णीय लोकांच्या वस्तींत आणि पॅटरसन येथें तरुण ख्रिस्ती स्त्रियांच्या संस्थेंत तिनें काम केलें. १९०६ साल उजाडलें तेव्हां ती बत्तिशींत होती. त्याच वर्षाच्या अखेरीस ती हिंदुस्थानांत आली. मेनोनाइटांच्या ‘जनरल कॉन्फरन्स’ या शाखेनें इकडे धाडलेली ही पहिली अविवाहित स्त्री. निघतांना समुद्राचें भय कोणीं घातलें, तर देव जमिनीवर जितका जवळ तितकाच पाण्यावरही जवळ, अशा अर्थाचें उत्तर तिनें दिलें म्हणतात.

मेनोनाइट आणि छत्तीसगड यांची गांठ कशी पडली? दुष्काळानें घातली. १८९७ चा व त्यामागून लगेच आलेला छपन्नचा दुष्काळ आपल्या आजोबापणज्यांच्या तोंडीं होता. या दुष्काळांच्या वार्ता अमेरिकेंतील मेनोनाइट शेतकऱ्यांच्या कानीं गेल्या, तेव्हां त्यांनीं आपल्या कोठारांतील धान्य इकडे पाठविलें. धान्यामागून माणसें आलीं. १९०२ मध्यें पी. ए. पेनर यांनीं चांपा येथें कुष्ठरोग्यांसाठीं आश्रम काढला. जांजगीर तेथून जवळच. हा सारा मुलूख त्या वेळीं मध्यप्रांतांत मोडत असे व त्याची राजधानी आपलें नागपूर. त्याहीपूर्वीं तो नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखालीं होता. जांजगीर हें भाताच्या शेतांतील गांव. कलचुरी राजा जाजल्लदेव यानें बांधविलेलें, अपुरेंच राहिलेलें विष्णुमंदिर तेथें अद्याप उभें आहे.

तेथें फंकबाई हिंदी शिकल्या आणि मुलींची एक शाळा त्यांनीं काढली. खोली एक, मुली सतरा. श्रोतेहो, हा आंकडा ऐकून हसूं नये. १९०७ मध्यें पुण्यासारख्या शहरांत अण्णासाहेब कर्व्यांनीं महिला विद्यालय काढलें, तेव्हां त्यांनाही विद्यार्थिनी मोजून मिळाल्या. मग खेडेगांवांत, परक्या देशच्या, परक्या धर्माच्या बाईच्या हातीं आपली मुलगी कोण देईल? मिशनऱ्यांच्या हेतूंविषयीं आपल्याकडे मतभेद आहेत, माझेही आहेत. पण मुलीला लिहितां-वाचतां यावें यासाठीं ज्यानें आपलें घर सोडलें, त्याच्या शाळेच्या दारांत तो वाद घालूं नये, असें मला वाटतें.

अशीं पांच वर्षें गेलीं. मग १९१२ मध्यें तार आली. ती बॅलीच्या त्यांच्या धर्मोपदेशकांनीं केलेली होती. आई अत्यवस्थ आहे, ताबडतोब निघावें, हॅव्हरफर्ड बोटीचें तिकीट काढलें आहे. फंकबाई मुंबईस येऊन ‘पर्शिया’ या आगबोटीनें मार्सेयला उतरल्या व आगगाडीनें लिव्हरपूलला पोहोंचल्या. (ही पर्शियाही पुढें ३० डिसेंबर १९१५ रोजीं भूमध्य समुद्रांत शत्रूच्या पाणबुडीनें बुडविली.) परंतु लिव्हरपूलला येऊन पाहतात तों हॅव्हरफर्ड सुटत नाहीं! इंग्लंडांतील खाणीवाल्यांचा मोठा संप नुकताच मिटला होता आणि बोटींना कोळसा मिळत नव्हता. जो थोडा कोळसा होता, तो एका नव्या कोऱ्या बोटीसाठीं राखलेला होता. आईचें अखेरचें दर्शन घडावें म्हणून बाईंनीं आणखी पैसे भरले व त्या बोटीचें दुसऱ्या वर्गाचें तिकीट घेतलें. तिकिटाची किंमत तेरा पौंड. १० एप्रिलला साउदॅम्प्टनहून बोट हांकारली. १२ तारखेस, भर समुद्रांत, त्यांस अडतिसावें वर्ष पूर्ण झालें.

१४ तारखेच्या रात्रीं अकरा वाजून चाळीस मिनिटांनीं हिमनगाची धडक बसली. दोन वीसला बोट तळाशीं गेली. सुमारें पंधराशें माणसें मेलीं. फंकबाईंविषयीं त्यांच्या गांवीं अशी कथा सांगतात, कीं त्या जीवरक्षक होडींत बसतच होत्या, इतक्यांत एक आई आपल्या मुलांकडे धांवत आली. तेव्हां बाई मागें सरल्या व आपली जागा त्यांनीं तिला दिली. अशा कथा मरणानंतर उगवतात व वाढतात, हें मी जाणतों. या कथेला साक्षीदाराचें नांव जोडलेलें नाहीं. परंतु इंग्लंडांतील सरकारी चौकशीचे आंकडे विचार करण्याजोगे आहेत. दुसऱ्या वर्गांतील ९३ स्त्रियांपैकीं ८० वांचल्या. होडींत चढूं इच्छिणाऱ्या स्त्रीला त्या वर्गांत जागा बहुधा मिळाली, असा याचा अर्थ. ज्या तेरा राहिल्या, त्यांत कांहीं पतीला सोडावयास तयार नव्हत्या. फंकबाईंना पती नव्हता. तेव्हां त्या कां राहिल्या, हा प्रश्न उरतो, आणि गांवच्या कथेनें त्याचें एक उत्तर दिलें आहे, इतकेंच मी म्हणेन.

त्यांचा देह ओळखून परत आणलेला नाहीं. बॅलीच्या दफनभूमींत त्यांच्या नांवाची स्मारकशिला आहे, तिच्याखालीं कोणी नाहीं. ज्या आईसाठीं त्या घाईघाईनें निघाल्या, ती आई मुलीच्या मागें जिवंत राहिली. जांजगीरच्या शाळेस पुढें फंकबाईंचें नांव देण्यांत आलें. सुटी घेऊन गेलेली बाई परत येईल म्हणून तेथें ज्या मुली वाट पाहत होत्या, त्यांस समुद्र म्हणजे काय हें कोणीं आणि कसें समजावून सांगितलें असेल?